पुरुषभर खोल

चिंच तोडली त्या दिवशी दादाने वीतभर लाकूडही मागे राहू दिलं नव्हतं. तोडणारा सांगत होता, कंबरेएवढं खोड उभं ठेवा, पुढेमागे बुंधा काढायचा झाला तर तेच धरून हलवता येतं. पण दादाचं सगळं लक्ष ट्रकात किती लाकूड भरतंय याकडे. त्याने स्वतः वाकून करवत जमिनीला टेकवायला लावली. ट्रक गेला आणि अंगणाच्या मधोमध जेवायला चार माणसं बसतील एवढा रुंद बुंधा राहिला. धरायला काही नाही, पहार अडकवायला काही नाही. दोन वर्षं घरातले सगळे त्याला ठेचकाळत होते आणि दोन वर्षं दादा म्हणत होता, बघू.

त्या बुंध्यासमोरच्या पडवीत धाकटी इस्त्री करायची. वय एकोणचाळीस, पण घरात शेवटची जन्मली म्हणून धाकटी ती धाकटीच राहिली. नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला म्हणाला, राहायचं तर तिच्या हाताखाली राहा. ही राहिली नाही. एक पत्र्याची पेटी आणि कोळशाची इस्त्री घेऊन माहेरी आली, त्याला सहा वर्षं झाली. माहेर म्हणजे ही पडवी. एका बाजूला धान्याची पोती, दुसऱ्या बाजूला दादाची मोटारसायकल, मध्ये टेबल. टेबलावर लोकांचे कपडे आणि टेबलाखाली तिचं अंथरूण. इस्त्री चालू होती म्हणून ताट वाढलं जात होतं, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, कारण सगळ्यांना ते माहीतच होतं.

दादा वायरमन. लोकांच्या घरी गोड बोलायचा आणि तो गोडवा तिथेच संपवून घरी यायचा. उन्हाळा सरत आला तसं वहिनीने त्याच्या मागे टुमणं लावलं, की पडवी बंद करून स्वयंपाकघर मोठं करायचं. मग धाकटीच्या टेबलाचं काय, हा प्रश्न आला. धाकटीने सहा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. म्हणाली, अंगणात मला पत्र्याची खोली घालू दे. पत्रे मी माझे आणते. नुसती जागा दे.

दादा जेवत होता. शेजारचा आरेवाला म्हातारा पायरीवर बसला होता. सारा जन्म लाकडाच्या वखारीत आरा चालवलेला, त्यात दोन बोटं गमावलेला. आई दाराशी भिंतीला टेकून गुडघे चोळत होती. दादाने घास संपवला, पाणी प्यायला आणि अंगणाकडे हात केला.

"बुंधा काढ आणि जागा घे. पण तुझ्या हाताने. मजूर लावायचा नाही. आणि अर्धवट नको, मूळ राहिलं तर उद्या फरशी फोडून वर येईल. पुरुषभर खोल गेलं पाहिजे."

वहिनी हसली. आरेवाला हसला नाही. धाकटीला एवढंच ऐकू आलं, जागा घे. दादा शब्द देऊन बसला होता आणि तोही बाहेरच्या माणसासमोर. आता जास्त विचारलं तर शब्द फिरेल, म्हणून ती काहीच न विचारता उठली आणि ताटं घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पदर खोचला. घरात पहार होती, पण दादा म्हणाला, माझी पहार बोथट होईल. कुदळीचा दांडा निखळलेला. शेवटी आरेवाल्याने त्याची पहार दिली, कुऱ्हाड दिली, वर सांगितलं कसं करायचं ते. आधी बुंध्यापासून दीड हात लांब चर खणायचा, गोल. मूळ दिसलं की लगेच कुऱ्हाड घालायची नाही. आधी पाणी टाकून माती धुवायची, कारण मातीतले खडे धार खाऊन टाकतात. मग लांबच्या टोकाला एकदा तोडायचं, नंतर बुंध्याजवळ. मधला तुकडा काढून टाकला की हात घालायला जागा होते. मग पुढचं मूळ.

ऐकायला सोपं होतं. जमीन उन्हाने भाजून निघालेली. पहार आपटली की ठणकन उलटून यायची आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. पहिल्या दिवशी दोन घमेली माती निघाली. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. सकाळी खणायचं, ऊन चढलं की इस्त्री, ऊन उतरलं की पुन्हा खणायचं, आणि सकाळ-संध्याकाळ आईचा हात धरून तिला वस्तीच्या टोकाला संडासापर्यंत न्यायचं आणि आणायचं. आईचे गुडघे गेलेले. जाताना दोनदा बसायची, येताना तीनदा. तिथे उकिडवं बसवायला आणि उठवायलाही धाकटीच लागायची. वहिनी त्या वाटेला कधी फिरकली नाही.

वस्तीतली माणसं येता-जाता थांबायची. कोणी विचारायचं, विहीर काढतेस की काय. कोणी म्हणायचं, पुरून ठेवलेलं काही आहे का गं, असेल तर आम्हालाही सांग. ती हसायची. हसायला काही लागत नाही. कंबर मात्र वाकली की सरळ व्हायला तयार नसायची.

चौथ्या दिवशी मास्तरांचा पांढरा सदरा टेबलावर होता. इस्त्री फिरवता फिरवता तळहाताची चिंधी सुटली, आणि खिशाच्या वरच रक्ताचा टिपका पडला. वर गरम इस्त्री फिरली, डाग पक्का बसला. तिने साबण लावला, मीठ लावलं, तो फिकट तपकिरी झाला आणि तिथेच राहिला. मास्तरीणबाईंनी सदरा दारातच उलगडून बघितला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, हात असले घाण ठेवून लोकांच्या कपड्यांना लावू नयेत. आणि तो सदरा तिच्याच अंगावर टाकून म्हणाल्या, घरी पुसायला घे. त्या घराचे कपडे त्या दिवसापासून बंद झाले. संध्याकाळी वहिनीने तोच सदरा चुलीपाशी फडकं म्हणून घेतला.

वहिनीचा राग वेगळाच होता. खणलेली माती उडून भांड्यांवर बसते म्हणून ती फणफणायची. पाचव्या दिवशी तिने धुण्याची बादली सरळ खड्ड्यात उपडी केली. धाकटी आत उभी होती, पोटऱ्यांपर्यंत भिजली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहार घातली तर ती वीतभर आत गेली. रात्रभर मुरलेल्या पाण्याने माती लोण्यासारखी झाली होती. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण तिने नुसतं म्हणायचा अवकाश, वहिनी, आजचंही पाणी इकडेच टाका ना, वहिनीने त्या दिवसापासून धुण्याचं पाणी गटारात ओतायला सुरुवात केली. मग धाकटी स्वतः नळावरून कळशा आणून ओतू लागली. रात्री भिजवायचं, पहाटे खणायचं. काम दुपटीने सरकू लागलं.

आठव्या दिवशी बाजूची सात मुळं सुटली होती आणि खड्डा कंबरेपर्यंत आला होता. खाली राहिलं होतं मुख्य मूळ, मांडीएवढं जाड, सरळ पाताळात गेलेलं. आरेवाला काठावर बसून सांगत होता आणि ती आत आडवी होऊन कुऱ्हाड घालत होती. उभं राहून घाव बसत नव्हता. कुशीवर पडून, एका हाताने, तोंडावर माती घेत. चिंचेचं लाकूड. एका घावाला नखाएवढी ढलपी निघायची. दोन दिवस ती तशी पडून होती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आतून खाडकन आवाज आला आणि बुंधा तसूभर कलला.

तो वर घ्यायला मात्र चार हात लागले. एका अंगाने उतार खणला, खाली फळ्या सरकवल्या. आरेवाला मजूर नव्हता, शेजारी होता, म्हणून दादाला बोलायला जागा नव्हती. म्हाताऱ्याने दोर ओढला, तिने खालून पहार लावली, सूतसूत करून बुंधा काठावर आला. पुढे ढकलायला दोघांच्यात जीव उरला नव्हता. तिथेच, खड्ड्याच्या ओठावर, खाली दोन दगड लावून त्यांनी तो थांबवला. म्हातारा धापा टाकत होता. ती मातीत पाय पसरून बसली आणि तिला रडू आलं, सहा वर्षांत पहिल्यांदा आनंदाने. तिने डोळ्यांनी खोली बांधून घेतली. टेबल इकडे, खिडकी तिकडे, कपडे टांगायला तार. आतून लावायची कडी.

संध्याकाळी दादा आला. त्याने बुंध्याकडे बघितलंसुद्धा नाही. काठी घेऊन खड्ड्यात उतरला आणि म्हणाला, हे तर कमरेएवढंच आहे. पुरुषभर ठरलं होतं.

आरेवाला म्हणाला, मुख्य मूळ तुटलं की झाड मेलं, आता पुरुषभर जाऊन करायचं काय. दादा म्हणाला, बाबा, तुमचं काम झालं, आता घरचं घरात राहू द्या. मग बाजूच्या भिंतींना काठी लावून म्हणाला, कडा सरळ कर, इकडून गोलाई नको, चौकोनी बसेल असा खण. धाकटीला कळलं नाही मुळाला चौकोनाशी काय घेणं. पण विचारायची हिंमत झाली नाही. इतकं झालंय, आता दोन हात मातीसाठी तोंड उघडून सगळं घालवायचं का, असं तिने स्वतःलाच समजावलं. हीच तिची चूक. कोणी दारातून आत घेतंय एवढ्यावर समाधान मानायची तिला सवय लागली होती. दार कुठे उघडतं ते ती बघत नसे.

त्या रात्री आई तिच्या अंथरुणाशी येऊन बसली. हातात तेलाची वाटी. धाकटीचे दोन्ही तळवे मांडीवर घेऊन हळूहळू चोळू लागली. आईने तिला असं हात लावून किती वर्षं झाली होती, तिला आठवेना. तळव्यांची आग होत होती, तरी तिने हात मागे घेतले नाहीत.

"आणखी थोडं खण," आई म्हणाली. "दादा म्हणतो तेवढं कर. म्हणजे त्याला बोलायला जागा राहायला नको."

"करते," धाकटी म्हणाली. आई आपल्या बाजूने आहे, एवढंच तिच्या मनात भरून राहिलं. त्या तेलाच्या जोरावर तिने पुढचे सहा दिवस काढले.

खोल गेल्यावर माती वर फेकता येईना. घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, उताराच्या फळीवरून चढायचं, रिकामं करायचं, उतरायचं. दिवसाला किती फेऱ्या ते तिने मोजायचं सोडलं. खाली हवा नव्हती. मुरूम लागला, तो पहारीनेही सुटेना, तेव्हा टिकावाच्या टोकाने खरवडायचा. इस्त्रीचे कपडे मागे पडू लागले. दोन घरांनी निरोप पाठवले. वहिनी तिच्या ताटात वाढताना म्हणायची, आजकाल भूक बरीच लागते. दादा रोज संध्याकाळी काठी घेऊन यायचा, मोजायचा, आणखी हातभर म्हणायचा. एकदा म्हणाला, काम मात्र छान करतेस गं. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं. माणूस किती स्वस्तात विकलं जातं ते बघा.

सोळाव्या दिवशी ती आत उभी राहिली तर डोकं काठाच्या खाली गेलं. तेवढा उतार सोडला तर चारी भिंती सरळ, कोपरे काटकोनात. आरेवाला बघून नुसताच मान हलवून गेला. ती वर आली, हातपाय धुतले आणि पडवीत साचलेल्या कपड्यांना भिडली. उद्या खड्डा बुजवायचा, परवा पत्रेवाल्याकडे जायचं, असं ठरवून. पाऊस आठवडाभर तरी लांब होता.

सकाळी ती इस्त्रीत कोळसे भरत होती तेव्हा दारात टेंपो थांबला. विटा उतरू लागल्या. पाठोपाठ सिमेंटची पोती, पाईप, आणि मागून एक गवंडी आला, खांद्याला थैली, हातात ओळंबा. धाकटीला वाटलं, दादाने पत्र्याऐवजी विटांचीच खोली मनावर घेतली की काय. खरंच वाटलं. ती कोळशाचा चिमटा हातात तसाच ठेवून अंगणात आली.

गवंडी खड्ड्यात डोकावला आणि खूश झाला. म्हणाला, वा, याला म्हणतात खड्डा. पुष्कळ ठिकाणी टाकीचा खड्डा आधी मलाच नीट करून घ्यावा लागतो. कोणी खणला?

"घरचंच माणूस आहे," दादा म्हणाला.

"कसली टाकी?" धाकटीने विचारलं.

गवंडी सरळ माणूस. म्हणाला, संडासाची. टाकी इथे, संडास तिकडे पडवीच्या टोकाला. भांडं खुर्चीसारखं बसवायचं, आजींच्या गुडघ्यांसाठी.

धाकटी दादाकडे वळली. दादा खड्ड्यात उतरला होता, काठीने लांबी-रुंदी बघत. तिथूनच बोलला, वर न बघता.

"शब्द फिरवला नाही मी. जागा तुझीच. टाकीवर स्लॅब पडेल, त्याच्यावर घाल की खोली. कोण नाही म्हणतंय?"

वहिनीने तोंडाला पदर लावला. हसू लपवायला लावला असेल, किंवा नसेलही. धाकटीने तिच्याकडे बघितलं नाही. ती आईकडे बघत होती. आई दाराशी भिंतीला टेकून बसली होती आणि मातीत बोटाने काहीतरी ओढत होती.

"तुला ठाऊक होतं," धाकटी म्हणाली.

आईने बोट थांबवलं नाही. म्हणाली, मजुराने महिना घालवला असता. आणि तू तरी मला किती दिवस उचलून नेणार होतीस? माझी लाज जाते गं रोज. लोकांच्या देखत मला उठवतेस, बसवतेस. मला घरात हवं होतं. मरायच्या आधी एवढंच मागितलं मी त्याच्याकडे.

"मला सांगायचंस. मी तुझ्यासाठी खणला असता."

"सांगितलं असतं तर पुरुषभर खणला नसतास," आई म्हणाली.

ते खरं होतं की खोटं, हे धाकटीला कळलं नाही. सोळा दिवस तिने जे तळवे खोलीसाठी फोडले, ते आईसाठी फोडले असते का, हे आता कोणालाच कळणार नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. तिने चिमटा खाली ठेवला. भिंतीला टेकवलेली आरेवाल्याची पहार घेतली आणि बुंध्यामागे गेली. पहारीच्या टोकाने डावीकडचा दगड उडवला. बुंधा थोडा करकरला. दुसऱ्या दगडाखाली तिने टोक घातलं.

दादाने वर बघितलं. बुंधा त्याच्या डोक्यावर होता, तुटकी मुळं पुढे करून. खड्ड्याच्या सरळ भिंतींना चढायला कुठे खाच नव्हती, तिनेच ठेवली नव्हती. एकच उताराची फळी, तीही बुंध्याला लागूनच.

गवंडी दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. धाकटीच्या हातांनी पहारीवर जोर धरून ठेवला होता. अजून थोडं वजन टाकलं की झालं. तिने टाकलं नाही. असं काही क्षण गेले. तिला त्या क्षणांत काय वाटलं ते सांगून टाकतो. तिला बरं वाटलं.

"वर ये," ती म्हणाली. "मी ढकलणार आहे."

दादा फळीवरून आला तो चार पायांवर आला. अर्ध्या वाटेत घसरला, पुन्हा चढला, पँट गुडघ्यावर फाटली. काठावर येऊन तो मातीत पालथा झाला तेव्हा धाकटीने पहारीवर अंग टाकलं. दगड निसटला. बुंधा आधी हळूहळू आणि मग एकदम गेला. आत आदळल्याचा आवाज शेजारच्या चार घरांत ऐकू गेला. मुळं वर आणि बुंधा खाली असा तो पडला आणि तिने काटकोनात घासून ठेवलेल्या दोन भिंतींत घट्ट रुतून बसला. फळ्या त्याच्याखाली मोडल्या. उतार ढासळून वर बसला.

गवंड्याने वाकून बघितलं. म्हणाला, हे काढल्याशिवाय मला काही करता येणार नाही, आणि मला परवापासून दुसरीकडे काम आहे, ते पावसाळाभर चालेल. मग त्याने थैली खांद्याला लावली.

दादा उठून उभा राहिला होता. गुडघ्याची माती झटकत होता आणि वहिनीकडे बघत होता, बायकोने आपल्याला कसं बघितलं ते तपासावं तसं. वहिनी आता हसत नव्हती. धाकटी वाट बघत होती की दादा हात उगारेल. त्याची तिला भीती वाटत नव्हती. पण दादा हलला नाही. पहार अजून तिच्याच हातात होती.

आई भिंत धरून उठली. एकटी. कोणी हात दिला नाही, आणि तिला उठायला बराच वेळ लागला. उभी राहिल्यावर तिने एकदा खड्ड्याकडे बघितलं.

"निघ," आई म्हणाली. "माझ्या घरातून निघ."

धाकटीला वाटलं दादा काही म्हणेल. निदान वहिनी. घरात इतकी वर्षं तिला निघ म्हणायची ज्यांची इच्छा होती, त्यांच्यातलं कोणी बोललं नाही. म्हणाली ती आईच.

"लोकांचे कपडे आहेत," धाकटी म्हणाली. "दुपारी द्यायचे आहेत. तेवढे करते आणि जाते."

"आत्ता," आई म्हणाली.

तिने पहार आरेवाल्याच्या कुंपणावरून आत ठेवली. इस्त्रीतले कोळसे अंगणात ओतले, इस्त्री फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. ती गरम होती, फडकं करपल्याचा वास आला. टेबल नेता येण्यासारखं नव्हतं. साचलेले सगळे कपडे तिने एका चादरीत बांधले, गाठोडं डोक्यावर घेतलं, पेटी काखेत. मग पहिल्या घरी गेली, कडी वाजवली आणि सांगितलं, कपडे झाले नाहीत.